नगरपालिकांची परस्वाधीन तिजोरी

डिसेंबर २०२५ मध्ये राज्यातील नगरपरिषदांच्या निवडणुका एकदाच्या पार पडल्या आणि हिंगोली, वसमत व कळमनुरी या जिल्ह्यातील तिन्ही नगरपरिषदांचा कारभार सुमारे चार वर्षांच्या प्रशासकीय राजवटीनंतर पुन्हा लोकनियुक्त प्रतिनिधींकडे आला. निवडणूक म्हटली की पाणी, रस्ते, गटारे व दिवाबत्ती यांची आश्वासने ओघानेच आली. परंतु या सर्वांसाठी पैसा कोठून येणार, हा प्रश्न उमेदवाराला विचारण्याची प्रथा आपल्याकडे नाही आणि उमेदवारानेही तो स्वतःहून काढण्याचे कारण नसते. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार, ही म्हण आपण घरच्या हिशेबात नेहमी वापरतो. गावाच्या हिशेबात मात्र तिचा आपल्याला सोयिस्कर विसर पडतो.

प्रश्न केवळ तीन नगरपरिषदांचा नाही. औंढा नागनाथ व सेनगाव येथे नगरपंचायती आहेत, जिल्हा परिषद आहे, पाच पंचायत समित्या आहेत आणि त्यांच्याखाली शेकडो ग्रामपंचायती आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या आसपास होती आणि तिच्यापैकी सुमारे ८५ टक्के लोक खेड्यांत राहत होते. या सर्व संस्थांच्या अंदाजपत्रकांत एक साम्य आढळते. जमेच्या बाजूस स्वतःचे म्हणावे असे फारच थोडे आणि वरून आलेले पुष्कळ! स्वराज्य संस्था हे नाव धारण करणाऱ्या संस्थेची तिजोरी दुसऱ्याच्या मर्जीवर भरत असेल, तर त्या नावातील पहिल्या शब्दाला अर्थ तो काय उरला?

जकात गेली, पुढे काय आले?

हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. योगायोग असा की, राज्य शासनाने नगरपरिषदांच्या हद्दीतील जकात रद्द केली तीही त्याच वर्षी. नाक्यांवर खोळंबणारी वाहने, पावती फाडण्यावरून होणारे वाद आणि त्यातून बोकाळलेला भ्रष्टाचार पाहता जकातीबद्दल अश्रू ढाळावेत असे काही नव्हते. व्यापाऱ्यांची तक्रारही रास्तच होती. पण जकातीत एक गुण होता, तो कोणी नाकारू नये. गावात सिमेंट, कापड, किराणा अधिक येऊ लागला की नगरपालिकेचे उत्पन्न आपोआप वाढे. बाजारपेठेची भरभराट आणि गावाची तिजोरी यांचा थेट संबंध होता.

तो धागा १९९९ मध्ये तुटला आणि त्याच्या जागी शासनाचे सहायक अनुदान आले. आज वसमतच्या हळदीला २०२४ पासून भौगोलिक मानांकन आहे, हिंगोलीच्या हळद बाजारात लगतच्या जिल्ह्यांतूनही माल येतो. हळदीचा पैसा गावात खेळतो, त्यातून घरे बांधली जातात, दुकाने थाटली जातात, वाहने घेतली जातात. त्या प्रत्येक खरेदीवरील वस्तू व सेवा कर दिल्ली व मुंबई यांच्यात वाटला जातो. बाजार समितीची फी बाजार समितीकडे राहते. आणि ज्या नगरपालिकेने या वाढत्या गावाचा कचरा उचलायचा, रस्ते दुरुस्त करायचे व सिद्धेश्वर धरणातून हिंगोलीला पाणी आणून ते घरोघर पोहोचवायचे, तिच्या वाट्याला या भरभराटीतून सरळ असे काहीच येत नाही.

येथे एक तुलना करणे भाग आहे. महानगरपालिकांचा स्थानिक संस्था कर आणि मुंबईची जकात वस्तू व सेवा करामुळे २०१७ मध्ये गेली, तेव्हा विधिमंडळाने त्यांच्यासाठी भरपाईचा स्वतंत्र कायदा केला. २०१६-१७ हे आधारवर्ष धरून दरसाल ८ टक्के चक्रवाढीने भरपाई देण्याची हमी त्यात आहे. या दराने रक्कम नऊ वर्षांत दुप्पट होते. नगरपरिषदांना मिळणाऱ्या सहायक अनुदानाला मात्र अशा कायद्याचा आधार नाही. ते शासन निर्णयांवर चालते. मोठ्या शहराचा तो हक्क आणि लहान गावाचे ते अनुदान, असा हा भेद आहे. मुंबईशी हिंगोलीची बरोबरी कोणी करणार नाही; पण एकच कर गेला असता एकाला कायद्याची हमी आणि दुसऱ्याला कृपेचा भरवसा, हा न्याय कोणता?

पगारपत्रकातील एक रकाना

शिक्षक आणि कारकून यांच्या पगारपत्रकात व्यवसाय कराचा एक रकाना असतो. बहुतेकांच्या पगारातून दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये, म्हणजे वर्षाला २,५०० रुपये कापले जातात. ही राज्यघटनेच्या २७६ व्या अनुच्छेदातील कमाल मर्यादा असून ती १९८८ मध्ये २५० रुपयांवरून वाढविण्यात आली. त्याच अनुच्छेदात हा कर राज्याच्या, किंवा नगरपालिका व जिल्हा मंडळ यांसारख्या स्थानिक संस्थांच्या हितासाठी बसविता येईल, असे म्हटले आहे. महाराष्ट्राने १९७५ मध्ये कायदा करून हा कर सर्वस्वी आपल्याकडे घेतला आणि स्थानिक संस्थांचा तो बसविण्याचा अधिकार संपुष्टात आणला. त्या वेळी कारण मोठे होते. १९७२ च्या भीषण दुष्काळानंतर रोजगार हमी योजनेसाठी कायमचा निधी उभा करायचा होता आणि शहरातील नोकरदाराने खेड्यातील मजुराच्या कामाचा भार उचलावा, ही कल्पना उदात्त होती. मराठवाड्याने त्या योजनेचा उपयोगही अनुभवला आहे.

परंतु २००५ मध्ये केंद्राचा रोजगार हमी कायदा झाल्यानंतर मजुरीचा मुख्य भार केंद्राकडे गेला. व्यवसाय कर मात्र होता तेथेच राहिला. हिशेब साधा आहे. हजार नोकरदारांमागे वर्षाला २५ लाख रुपये जमतात. हा नोकरदार राहतो गावात, चालतो गावच्या रस्त्यावर, पाणी पितो गावच्या नळाचे. त्याने भरलेल्या करातील ठरावीक हिस्सा तरी तो राहतो त्या गावी परत यावा, ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही.

जिल्हा परिषद की टपाल कचेरी?

जिल्हा परिषदेचे चित्र आणखी बोलके आहे. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या, तेव्हा जिल्हा हा विकासाचा पाया मानला गेला होता. आज परिषदेच्या अंदाजपत्रकातील आकडे डोळे दिपविणारे असतात. पण त्यातील फार मोठा भाग शिक्षकांचे व कर्मचाऱ्यांचे वेतन आणि शासनाच्या ठरलेल्या योजना यांचा असतो. तो पैसा एका हाताने येतो व दुसऱ्या हाताने जातो. परिषदेचे काम त्यावर शिक्का मारून पुढे पाठविण्याचे!

स्वतःचे उत्पन्न म्हणावे तर जमीन महसुलावरील उपकर, मुद्रांक शुल्कातील वाटा, इमारतींचे भाडे व ठेवींवरील व्याज. जमीन महसुलाची आकारणी दशकानुदशके जुनी असल्याने तिच्यावरील उपकरही खुंटलेलाच राहतो. मुद्रांक शुल्क जमिनीच्या खरेदी-विक्रीवर अवलंबून. पुण्या-ठाण्याच्या जिल्हा परिषदांना ते भरभरून मिळते, सेनगाव-कळमनुरीच्या कोरडवाहू पट्ट्यात ते कितीसे मिळणार? आणि जे स्वउत्पन्न हाती येते, त्यातूनही मागासवर्गीय, महिला व बालके आणि दिव्यांग यांच्यासाठी ठरावीक टक्के बाजूला काढावे लागतात. तो खर्च योग्यच आहे. पण शेवटी स्वतःच्या विचाराने खर्चावे असे परिषदेच्या हाती जे उरते, त्यात एखादी नवी कल्पना रुजविणे अवघड होते.

ग्रामपंचायतींना चौदाव्या वित्त आयोगाने २०१५ ते २०२० या काळात थेट निधी दिला आणि खेड्यांत प्रथमच चार पैसे खुळखुळू लागले. पंधराव्या आयोगाने जिल्हा परिषद व पंचायत समिती यांनाही वाटा दिला. पण ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छता यांनाच बांधून टाकली. उरलेल्या ४० टक्क्यांत गावाची इच्छा चालावी, तर २०२१ मध्ये पथदिव्यांची व पाणीपुरवठ्याची वीजबिले याच निधीतून भरण्याचा आदेश निघाला. त्याच आयोगाच्या अनुदानाला आणखी एक अट होती: लोकनियुक्त मंडळ नसेल तेथे अनुदान नाही. जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतरची वर्षे तेथे प्रशासकाच्या अमलाखाली गेली. निवडणुका लांबल्या त्या मतदाराच्या दोषाने नव्हे. शिक्षा मात्र मतदारालाच!

आपल्या अंगणातील दोष

एवढे सांगून झाल्यावर सगळे खापर मुंबई-दिल्लीवर फोडून मोकळे होणे सोपे आहे. परंतु ते अर्धसत्य ठरेल. १९६५ च्या नगरपरिषद कायद्याने मालमत्ता कर नगरपरिषदांच्या हाती दिला आहे. दर चार वर्षांनी आकारणीची नवी यादी करावी, अशी कायद्याची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात फेरआकारणीचा विषय निघाला की पक्षभेद विसरून सर्व सभासद एक होतात आणि तो पुढे ढकलला जातो. मग कधीतरी अनेक वर्षांची वाढ एकदम अंगावर येते, मोर्चे निघतात, स्थगिती मिळते व गाडे पुन्हा जुन्या चाकोरीत जाते. पत्र्याच्या घराच्या जागी तीन मजली इमारत उभी राहते आणि दप्तरात मात्र पत्राच नोंदलेला असतो.

ग्रामपंचायतींच्या घरपट्टीची आकारणी भांडवली मूल्यावर करण्याचे नियम डिसेंबर २०१५ मध्ये आले. प्रश्न आकारणीचा जेवढा आहे तेवढाच वसुलीचाही आहे. सरपंच भावकीतला, थकबाकीदारही भावकीतला. मग जप्तीची नोटीस कोण कोणावर बजावणार? याचा परिणाम असा की, घरपट्टी वेळेवर भरतो तो बहुधा निमूट माणूस, आणि थकवितो तो ज्याचे गावात वजन आहे असा. सामान्य माणूस म्हणतो, सोय मिळत नाही तर कर का भरू? पंचायत म्हणते, कर येत नाही तर सोय कोठून देऊ? हे दुष्टचक्र कोणीतरी तोडले पाहिजे आणि ते तोडण्याचा पहिला मान अर्थातच कारभाऱ्यांचा आहे.

उत्पन्नाच्या नव्या वाटाही आपण पुरत्या चाचपलेल्या नाहीत. औंढा नागनाथसारख्या क्षेत्री महाशिवरात्रीला व श्रावणात यात्रेकरूंची रीघ लागते. त्यांच्या पाण्याचा व स्वच्छतेचा भार लहानशा नगरपंचायतीवर पडतो. यात्रेकरूंवरील कराची तरतूद कायद्यात आहे. भाविकाला न दुखविता, पार्किंगचे शुल्क वा व्यापारी गाळ्यांचे योग्य भाडे अशा मार्गानेही हा भार भागविता येईल. नाममात्र भाड्याने वर्षानुवर्षे अडकून पडलेले गाळे ही तर कोणत्याही नगरपालिकेची दुखरी नस होय.

करावयाचे काय?

राज्यघटनेच्या ७३ व्या व ७४ व्या दुरुस्त्या १९९३ मध्ये अमलात आल्या. दर पाच वर्षांनी राज्य वित्त आयोग नेमावा, अशी त्यांची आज्ञा आहे. महाराष्ट्रात पाचवा आयोग व्ही. गिरिराज यांच्या अध्यक्षतेखाली २०१८ मध्ये नेमला गेला आणि सहावा २०२५ मध्ये. पाचाची सात वर्षे झाली, याबद्दल कोणी हरकत घेतल्याचे ऐकिवात नाही. आयोग वेळेवर नेमावा, त्याचा अहवाल वेळेवर विधिमंडळापुढे यावा आणि शिफारस नाकारली तर कारण सांगावे, एवढे तरी व्हावे. नगरपरिषदांच्या सहायक अनुदानाला महानगरपालिकांप्रमाणे कायद्याची हमी मिळावी आणि व्यवसाय कराचा निश्चित हिस्सा स्थानिक संस्थांकडे यावा, या आणखी दोन मागण्या. यांसाठी घटना बदलावी लागत नाही. लागते ती सत्ता वाटून घेण्याची तयारी.

त्याच वेळी नव्या सभागृहांनी आपली जमेची बाजू लोकांपुढे ठेवावी. फेरआकारणी मुदतीत करावी, मोठ्या थकबाकीदारांपासून वसुलीस आरंभ करावा आणि अंदाजपत्रक साध्या मराठीत छापून चौकात लावावे. खेड्यात नमुना ८ आणि नमुना ९ ही आकारणीची व मागणीची दप्तरे असतात. गावच्या शिक्षकाने व पदवीच्या वर्गातील विद्यार्थ्याने ग्रामसभेत ती एकदा मागून पाहावीत. कोणाचे घर किती आकारले आहे आणि कोणाकडे किती थकले आहे, हे त्यातून ध्यानात येईल. ग्रामसभेतील पुढची चर्चा मग आपोआप मुद्द्यावर येईल.

अनुदानावर जगणारी संस्था अनुदान देणाऱ्याला जबाब देते, करावर जगणारी संस्था कर भरणाऱ्याला. नगराध्यक्षाच्या मुंबईच्या फेऱ्या वाढल्या आणि मोहल्ल्यातील फेऱ्या कमी झाल्या, तर दोष एकट्या त्याचा नव्हे. त्याची तिजोरी जेथून भरते त्या दिशेला तो धावतो, इतकेच. ती दिशा बदलायची असेल तर शासनाने हात सैल सोडला पाहिजे आणि नागरिकाने घरपट्टीची पावती मुदतीत फाडली पाहिजे. यांपैकी दुसरी गोष्ट पूर्णपणे आपल्या हातची आहे. आणि ती केल्यावरच पहिली ठणकावून मागण्याचा अधिकार आपल्याला पोहोचतो.