लेकीचे माहेर आणि विमानाचे आठवडे

लेकीचे बाळंतपण माहेरी व्हावे, ही व्यापारी कुटुंबांतील जुनी रीत. औंध, रहिमतपूर, विटे, आटपाडी या पट्ट्यातील पेठांमधून पूर्वी लेक दिली जाई ती फार तर बार्शी-सोलापूर किंवा निपाणी-बेळगावपर्यंत. सातव्या महिन्यात भाऊ न्यायला जाई, रेल्वेने रहिमतपूरपर्यंत आणि पुढे मिळेल त्या वाहनाने तिला घरी आणी. प्रवास एका दिवसाचा, फार तर एका रात्रीचा. आज त्याच पेठांतील लेकी न्यू जर्सीत, टोरांटोत, लंडनमध्ये संसार करीत आहेत. रीत मात्र मनात तशीच आहे. दुसऱ्या खेपेचे दिवस राहिल्याचे कळताच औंधहून फोन जातो, "सातवा लागला की ये गं, डोहाळजेवण इथेच करू, यात्राही सापडेल." यात्रा म्हणजे पौषातली यमाईची. या बोलावण्यात माया असते, यात शंका नाही. परंतु या खेपेस कडेवर दीड वर्षाचे मूल आहे, जावयांना रजा नाही, आणि न्यूयॉर्क-मुंबई हे थेट उड्डाण धरले तरी चौदा-पंधरा तासांचे आहे, हे फोनवर बोलायचे राहून जाते.

पहिला घोटाळा मोजणीचा होतो. घरात महिने मोजतात, विमान कंपन्या आठवडे मोजतात. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून चाळीस आठवडे, असा डॉक्टरांचा हिशेब आहे आणि कंपन्याही तोच मानतात. बहुतेक कंपन्या अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर डॉक्टरांचे पत्र मागतात, काही बत्तिसाव्यानंतर मागतात. एकच बाळ असेल आणि सारे ठीक असेल, तर साधारणपणे छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत प्रवास करू देतात. जुळी असतील तर बत्तिसाव्याच्या सुमारास थांबवतात. घरच्या भाषेत सांगायचे तर अठ्ठाविसावा आठवडा सातव्या महिन्याच्या मध्यावर पुरा होतो, बत्तिसावा आठव्याच्या मध्यावर, आणि छत्तिसावा म्हणजे नववा नुकताच लागलेला. 'सातवा लागला की ये' यातला 'की' जरा लांबला, डोहाळजेवणाचा मुहूर्त पुढे गेला, स्वस्त तिकीट दहा दिवसांनंतरचे मिळाले, की पाहता पाहता तिसावा आठवडा ओलांडला जातो. अनेक जुन्या घरांत आठव्या महिन्यात गर्भवतीला हलवीत नसत. त्यामागचे कारण कोणी काहीही सांगो, तो आडाखा आजच्या नियमांपासून फार दूर नव्हता.

डॉक्टरांच्या पत्रात प्रसूतीची अपेक्षित तारीख, एकच बाळ आहे की जुळी, काही गुंतागुंत आहे का आणि प्रवासास हरकत नसल्याचा निर्वाळा असावा लागतो. पत्र प्रवासाच्या काही दिवस आधीचेच चालते. तिकीट काढताना घेतलेले दोन महिन्यांपूर्वीचे पत्र विमानतळावर उपयोगी पडत नाही. मध्ये विमान बदलायचे असेल आणि दोन्ही विमाने वेगवेगळ्या कंपन्यांची असतील, तर दोघांचेही नियम आधी वाचावेत. पहिल्या कंपनीने सोडले आणि दुसरीने अडवले, तर परक्या विमानतळावर मुलासह अडकून पडण्याची पाळी येते.

हे नियम कंपन्यांनी स्वतःच्या सोयीसाठी केले असावेत, अशी शंका व्यापारी मनाला येते. त्यात थोडे तथ्य आहे. आकाशात प्रसूती झाली तर विमान वाटेत उतरवावे लागते आणि त्याचा खर्च मोठा असतो. जून २०१७ मध्ये दम्मामहून कोचीला निघालेल्या जेट एअरवेजच्या विमानात एका प्रवासी स्त्रीला मुदतीआधीच कळा सुरू झाल्या. विमान मुंबईकडे वळवले, परंतु बाळ त्याआधीच जन्मले. कर्मचारी आणि प्रवाशांतील एक प्रशिक्षित परिचारिका यांनी ती वेळ निभावून नेली. कंपनीने त्या मुलाला जन्मभर मोफत प्रवास जाहीर केला आणि वर्तमानपत्रांतून त्या मोफत तिकिटाचेच कौतुक अधिक झाले. पुढे एप्रिल २०१९ मध्ये कंपनीचीच उड्डाणे बंद पडली, हा भाग वेगळा. त्या मातेचे आणि बाळाचे निभावले, ही आनंदाची गोष्ट. पण मुदतीआधी जन्मलेल्या बाळाला पहिल्या तासात जी काचेची पेटी लागते, ती प्रवासी विमानात नसते.

निरोगी गर्भवतीला विमानातील हवेचा त्रास सहसा होत नाही. उड्डाणात आतील हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असावा इतका ठेवलेला असतो. प्राणवायू थोडा कमी मिळतो, पण बाळाच्या रक्ताची घडण अशी असते की त्याला तेवढा पुरतो. प्रश्न येतो तो आईच्या अंगात रक्त कमी असेल तेव्हा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या आकड्यांप्रमाणे भारतातील ५२.२ टक्के गर्भवतींना रक्ताक्षय होता. परदेशात राहणारी, सुखवस्तू घरातील मुलगी त्यात नसेलच असे मानून चालू नये. प्रवासाआधी हिमोग्लोबिन तपासणे ही दहा मिनिटांची गोष्ट आहे. रक्तदाब वाढलेला असणे, अंगावरून रक्त जाणे, वार खाली असणे, पहिले मूल मुदतीआधी झालेले असणे, यांपैकी काहीही असेल तर पत्र मिळते की नाही हा प्रश्नच उरत नाही. प्रवास रद्द करावा.

दुसरा धोका पायांचा. गरोदरपणात रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते आणि तासन्तास पाय खाली सोडून बसल्याने पोटरीच्या खोल शिरेत गुठळी होऊ शकते. ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. चार तासांहून लांबच्या प्रवासात ही काळजी घ्यावी, असे डॉक्टर सांगतात. मापाचे घट्ट पायमोजे घालावेत, दर तासा-दीड तासाला उठून चालावे, बसल्या जागी घोटे फिरवावेत आणि भरपूर पाणी प्यावे. औंधच्या माणसांना हे नवे वाटू नये. याच गावच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कारांच्या प्रसारासाठी आयुष्य वेचले आणि संस्थानातील शाळांमधून मुलामुलींकडून ते घालून घेतले. प्रवासानंतरच्या दिवसांत एकाच पायाला सूज आली, पोटरी दुखू लागली किंवा दम लागू लागला, तर शिणवटा समजून तेल चोळत बसू नये. त्याच दिवशी सातारा किंवा कऱ्हाड गाठावे. बाळंतपणानंतरचे सहा आठवडेही हा धोका राहतो, हे परतीचे तिकीट काढताना ध्यानात ठेवावे.

आता मुलाची गोष्ट. लांबच्या प्रवासाचा खरा भार तेथे आहे. दोन वर्षांखालील मूल आईच्या मांडीवर बसून जाऊ शकते आणि त्याला परदेशी प्रवासात मोठ्या माणसाच्या भाड्याच्या सुमारे दहावा हिस्सा पडतो. हिशेबी घरात ही सवलत सोडवत नाही. परंतु सातव्या-आठव्या महिन्यात मांडी उरलेलीच नसते. अकरा-बारा किलोचे, झोपेत लाथा झाडणारे मूल त्या पोटावर पंधरा तास धरून बसणे म्हणजे काय, हे ज्यांनी तिकीट काढले त्यांना ठाऊक नसते. पुढच्या भिंतीला लावण्याचा पाळणा मिळेल, अशी आशा दाखवली जाते. त्याची मर्यादा बहुधा दहा-अकरा किलोंची असते आणि दीड वर्षाचे मूल त्यात मावतच नाही. मुलासाठी स्वतंत्र जागा घ्यावी, पूर्ण भाडे द्यावे. त्यात एक बारकावाही आहे. जाताना दोन वर्षांआतील मूल येताना दोन वर्षांचे झालेले असेल, तर परतीला जागा घ्यावीच लागते.

आईने कडेची जागा घ्यावी म्हणजे उठता-बसता येते. पट्टा पोटाखाली, मांड्यांवरून घ्यावा. विमान उतरू लागताच मुलाचे कान दुखतात. त्या वेळी त्याला काही चोखायला किंवा गिळायला द्यावे. झोपला असेल तर जागे करावे की नाही, याचा फार विचार करू नये, दुखले की तो स्वतःच उठतो. मूल शांत राहावे म्हणून सर्दीचे किंवा झोपेचे औषध पाजण्याचा सल्ला नातेवाइकांतील कोणीतरी हमखास देते. बालरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय तो मानू नये. काही मुले त्या औषधाने उलट अधिक चेकाळतात.

जेवणाचे पाहावे लागते. जैन जेवण बहुतेक मोठ्या कंपन्या देतात, पण ते निदान एक दिवस आधी नोंदवावे लागते. मांडीवरच्या मुलाला मात्र वेगळे ताट मिळत नाही. बाळांसाठी म्हणून जी बाटली देतात तिच्यात बटाटा किंवा गाजर असण्याचा संभव असतो. घरचे खाकरे, खजूर, मुगाची मऊ खिचडी सोबत ठेवावी. बाळाच्या खाण्याला सुरक्षा तपासणीत द्रवपदार्थांच्या मर्यादेतून सूट असते, फक्त ते आपणहून काढून दाखवावे. शेंगदाणे आणि फुटाणे लहानग्याच्या हाती देऊ नयेत, घशात अडकतात. चौविहार पाळणाऱ्या सुनांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. अमेरिकेहून पूर्वेकडे येताना रात्र लवकर पडते आणि पहिले ताटच सूर्यास्तानंतर समोर येते. गर्भवतीने चौदा तास अन्नपाण्यावाचून बसणे योग्य नाही. पच्चक्खाणातच आगारांची तरतूद आहे. घरातील वडीलधाऱ्यांनी ती आपणहून, निघण्याआधी, स्पष्ट शब्दांत सांगावी. तिला विचारायला लावू नये.

हे सारे सांभाळून लेक मुंबईला उतरली, तरी औंध तेथून सुमारे तीनशे किलोमीटरवर आहे. पहाटे उतरलेल्या गर्भवतीला आणि रडकुंडीला आलेल्या मुलाला तसेच मोटारीत घालून घाट चढवण्याऐवजी मुंबईत किंवा पुण्यात एक दिवस थांबवावे. पुढे बाळंतपण झाले, की नव्या बाळाचा पासपोर्ट आला, त्याचा व्हिसा आला. वडील परदेशी नागरिक असतील तर वकिलातीतील वेगळी कागदपत्रे. यात आठवडे जातात, कधी महिने जातात. तोवर थोरले मूल वडिलांना फक्त फोनच्या पडद्यावर पाहते.

म्हणूनच विचारावेसे वाटते, की प्रवास लेकीनेच का करावा? पोटात बाळ आणि कडेवर मूल घेतलेल्या स्त्रीने जग ओलांडायचे आणि धडधाकट आईने औंधात वाट पाहायची, हा हिशेब उलटा आहे. माहेर म्हणजे आईचा हात. तो विमानाने जाऊ शकतो. अडचण पुढे केली जाते ती दुकानाची. दिवाळीचा हंगाम, लग्नसराई, सोवळ्याचे स्वयंपाकघर, सासूबाईंचे पथ्य. या अडचणी खऱ्या आहेत, पण त्यांतली बहुतेक चार महिन्यांसाठी घरातील इतरांना पेलता येतात. पेठेतील कोणतेही दुकान घरची गृहिणी परदेशी गेल्याने बंद पडल्याचे ऐकिवात नाही. कित्येकदा मूळ अडचण वेगळीच असते. आईने कधी विमानाचा प्रवास केलेला नसतो, इंग्रजीची भीती वाटते, आणि ते बोलून दाखवण्याचा संकोच असतो. विमानतळावर चाकांच्या खुर्चीची मदत तिकिटासोबतच मागता येते. खुर्ची नेणारा माणूस तपासणीपासून विमानाच्या दारापर्यंत सोबत असतो आणि भाषेचा निम्मा प्रश्न तेथेच सुटतो.

आजीने जायचे ठरले तर तयारी तिसऱ्या महिन्यापासून लागते. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसासाठी मुलाखतीची तारीख मिळण्यास कधी कधी फार काळ लागतो. व्हिसा मिळाल्यावर मुक्काम बहुधा सहा महिन्यांपर्यंत करू देतात. आरोग्य विमा निघण्याआधी घ्यावा आणि मधुमेह, रक्तदाब असे जुने आजार त्यात धरले आहेत का, हे विक्रेत्याच्या तोंडी शब्दावर न विसंबता कागदावर वाचावे. रोजची औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातल्या पिशवीत ठेवावीत. डिंकाचे लाडू नेण्यास हरकत नाही, पण उतरताना खाद्यपदार्थ असल्याचे आपणहून सांगावे.

पोहोचण्याची तारीख प्रसूतीच्या तारखेला चिकटवू नये. चौतिसाव्या आठवड्याच्या आत आजी घरात असावी. फोनवर ओळखीची असलेली आजी प्रत्यक्षात समोर आली, की दीड-दोन वर्षांचे मूल पहिले काही दिवस तिच्या जवळही जात नाही. तिच्या हातचे जेवायला आणि तिच्याजवळ निजायला त्याला दोन-तीन आठवडे लागतात, आणि आईला इस्पितळात न्यावे लागेल त्या रात्री ती सवय लागलेली असणे गरजेचे असते. आजोबांनी हंगाम आटोपून बारशाच्या सुमारास जावे. दोघांची तिकिटे वेगवेगळ्या तारखांची काढली, तर आजी परतल्यावरही लेकीकडे एक वडीलधारे माणूस महिनाभर राहते.