‘सुटले’ म्हणजे नेमकं काय झालं?

‘दरोड्याच्या खटल्यातून आरोपींची पुराव्याअभावी निर्दोष मुक्तता.’ कॉलेजच्या ग्रुपवर ही बातमी पडली की पुढचे मेसेज तुम्हाला पाठ असतात. ‘सेटिंग झालं असणार.’ ‘असल्यांना सरळ ठोकायला हवं.’ आपणही एक अंगठा टाकून मोकळे होतो.

पुढचा अंगठा टाकण्याआधी एवढं वाचा.

जून 2003. नाशिक परिसरात एका कुटुंबावर दरोडा पडला. बलात्कार झाले, पाच जणांचा जीव गेला. पोलिसांनी सहा जणांना पकडलं. सगळे भटक्या जमातीतले, मजुरी करणारे. 2006 मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी रद्द करून जन्मठेप दिली. पण 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांची फाशी कायम केली. लोकांच्या दृष्टीने विषय संपला.

तो संपला नव्हता. 5 मार्च 2019 रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. कारण? वाचलेल्या साक्षीदार महिलेने घटनेनंतर लगेच पोलिसांकडच्या फोटोंमधून चार वेगळेच चेहरे ओळखले होते. त्या चौघांचा धड तपासच झाला नाही. सहापैकी एकजण तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. प्रत्येकाला पाच लाख रुपये द्या, असं न्यायालयाने सरकारला सांगितलं. सोळा वर्षांचे पाच लाख. हिशेब तुम्हीच करा.

2009 नंतर फाशी झाली असती तर?

आता तुम्ही म्हणाल, प्रत्येक सुटलेला काही निर्दोष नसतो. बरोबर आहे. कधीकधी खरा गुन्हेगारही सुटतो. पण तेव्हा राग कुणावर काढायचा? संशयाचा फायदा देणाऱ्या न्यायाधीशावर, की ओळख परेड नीट न घेणाऱ्या, पंचनामा उरकून टाकणाऱ्या तपासावर? गुन्हा सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारी पक्षाची असते. ‘मी केलं नाही’ हे आरोपीने सिद्ध करायचं नसतं. उद्या चौकातून पोलिसांनी तुम्हालाच उचललं, तर हाच नियम तुमच्या बाजूने उभा राहील.

आणि त्या कुटुंबाचं काय? चुकीची माणसं आत गेली की खरे दरोडेखोर बाहेर मोकळे फिरतात. म्हणजे कच्च्या तपासात आरोपीही भरडला जातो आणि फिर्यादीही.

यात आपलाही वाटा आहे. पोलिसांनी पंच म्हणून बोलावलं की ‘कोर्टाची कटकट नको’ म्हणत आपण पाय मागे घेतो. डोळ्यांदेखत पाहिलेलंही सांगायला घाबरतो. मग पुरावा येणार कुठून?

पुढच्या वेळी अशी बातमी आली की शेवटपर्यंत वाचा. ‘किती दिले?’ याऐवजी ‘तपासात काय राहिलं?’ असं विचारा. ग्रुपवर हा प्रश्न टाकणारे पहिले तुम्हीच व्हा.