बॅटरी थकली, यंत्र नाही



ई-रीडरची बॅटरी पूर्वी तीन आठवडे पुरायची, आता तीन दिवसांत मान टाकते, असं म्हटलं की दुकानदार सांगतो, "काकू, जुनं झालं, नवीन घ्या." घरची मुलंही तेच सांगतात. हे उत्तर मला मान्य नाही.

आधी हिशेब पाहू. या यंत्राचा पडदा एकदा उमटलेली अक्षरं विजेशिवाय धरून ठेवतो. वीज लागते ती पान उलटताना, आतल्या दिव्याला आणि वाय-फायला. झिजते ती लिथियमची बॅटरी. टायर झिजलं म्हणून कुणी गाडी भंगारात घालतं का? त्याला दुरुस्ती-खर्च म्हणतात.

२००७ सालच्या पहिल्या किंडलची बॅटरी घरी बदलता येत असे. २००९ च्या दुसऱ्या किंडलमध्ये ती आत बंद केली गेली. म्हणजे सोय होती, ती काढून घेतली! युरोपीय संघाच्या नियमानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून, काही अपवाद सोडून, लहान उपकरणांची बॅटरी ग्राहकाला स्वतः बदलता आली पाहिजे. आपल्या सरकारनेही २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल काढलं. मग आपणच गप्प का?

कुणी विचारेल, यात धर्म कुठे आला? तेउकायाची विराधना नको म्हणून सामायिकात आपण हे यंत्र हाती घेत नाही, ते योग्यच. पण आठ वर्षांत तीन यंत्रं घेतली आणि दोन टाकली, तर कपाटात एकच दिसतं. परिग्रह मात्र तिन्हींचा झाला. प्रत्येक नव्या बॅटरीसाठी पृथ्वी खणावी लागते. अख्ख्या नव्या यंत्रासाठी त्याहून कितीतरी जास्त.

आणि टाकायचं कुठे? आपले साधू-साध्वी परिष्ठापनिका समिती पाळतात, टाकायची वस्तूही निर्जीव जागा पाहून जपून ठेवतात. आपण मात्र बॅटरीसकट यंत्र उकिरड्यावर फेकतो. ती दाबली, फुटली तर पेट घेते. त्यात किती जीव जातील?

तेव्हा आधी वाय-फाय बंद ठेवा, दिवा मंद करा. आपल्या चौसाळ्याच्या मे महिन्यात यंत्र पत्र्याखाली किंवा उभ्या गाडीत ठेवू नका. उष्णतेने बॅटरी लवकर म्हातारी होते. रात्रभर चार्जिंगला लावू नका. बॅटरी फुगली असेल तर चार्जिंग लगेच थांबवा आणि ती स्वतः उघडू नका. एवढं करूनही भागलं नाही, तर जाणकार कारागिराकडून फक्त बॅटरी बदलून घ्या, आणि जुनी ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या.

नवीन घ्यायची वेळ आलीच, तर किमतीआधी विचारा: "बॅटरी बदलून मिळेल का? किती रुपयांत?" उत्तर नाही आलं, तर पाकीट उघडू नका. साडीचा पदर दहा वेळा तपासून घेणाऱ्या बायका आपण. इथेच का लाजायचं?