घटस्फोटाचा दाखला ग्रामपंचायतीत मिळत नाही, मग तो असतो कुठं?

योजनांसाठी कागद मागितला जातो. पण तो कुठल्या कचेरीत मिळतो, हे बाईला कुणी सांगत नाही

'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेची ई-केवायसी सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झाली. त्यात बाईच्या आधारसोबत नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला गेला. घटस्फोट झालेल्या आणि वडील हयात नसलेल्या बायका तिथंच अडकल्या. पुढं मुदत १८ नोव्हेंबरवरून ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढली. सरकारनं सांगितलं की अशा बायकांनी स्वतःपुरती ई-केवायसी करावी आणि मृत्यूचा दाखला, घटस्फोटाचं प्रमाणपत्र किंवा न्यायालयाच्या आदेशाची सत्यप्रत अंगणवाडी सेविकेकडे द्यावी.

मृत्यूचा दाखला कुठं मिळतो हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. घटस्फोटाच्या दाखल्यासाठी मात्र बायका ग्रामपंचायत, तलाठी, तहसील, सेतू असे हेलपाटे घालतात आणि रिकाम्या हातानं परततात. कारण तो कागद यातल्या एकाही कचेरीत तयारच होत नाही.

'प्रमाणपत्र' नव्हे, हुकूमनामा

जन्म, मृत्यू आणि लग्न यांची नोंद करायला निबंधक असतो. घटस्फोटाला तसा निबंधक नाही. हिंदू विवाह कायदा, १९५५ हा हिंदूंबरोबर बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू आहे. या कायद्यानं घटस्फोट द्यायचा अधिकार न्यायालयाला आहे. म्हणून घटस्फोटाचा पुरावा म्हणजे न्यायालयाचा हुकूमनामा, ज्याला बोलताना आपण 'डिक्री' म्हणतो. अर्जात 'घटस्फोट प्रमाणपत्र' असं लिहिलेलं असलं तरी द्यायची आहे ती या हुकूमनाम्याची सही-शिक्क्याची नक्कल.

स्टॅम्प पेपरवरची फारकत

खरी अडचण इथून पुढं आहे. आपल्याकडं कितीतरी सोडचिठ्ठ्या पंचांसमोर बसून, शंभर-पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर लिहून, नोटरीचा शिक्का मारून झालेल्या असतात. दोन्हीकडची माणसं सह्या करतात, भांडी-दागिने परत होतात आणि 'झाली फारकत' म्हणून सगळे मोकळे होतात. बाईनं तो कागद वर्षानुवर्षं ट्रंकेत जपून ठेवलेला असतो. कचेरीत दाखवल्यावर कळतं की कायद्यानं ती अजून त्याच नवऱ्याची बायको आहे.

नोटरीला लग्न लावायचा किंवा मोडायचा अधिकार नाही. केंद्रीय कायदा मंत्रालयानं ऑक्टोबर २०२४ मध्ये नोटरींना तसं लेखी बजावलंही आहे. ज्या समाजात काडीमोडाची जुनी रूढी आहे, तिला हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९ मध्ये जागा ठेवली आहे. पण ती रूढी खरोखर चालत आलेली आहे, हे वाद झाल्यावर न्यायालयात सिद्ध करावं लागतं. पंचांनी सह्या केल्या एवढ्यावर भागत नाही.

निकाल झालाय, पण कागद हरवलाय

घटस्फोट न्यायालयातून झाला असेल तर कागद हरवला म्हणून घाबरायचं कारण नाही. मूळ रेकॉर्ड न्यायालयात असतं. पहिला प्रश्न, कुठल्या न्यायालयात? लग्न जिथं लागलं, दोघं शेवटचं जिथं एकत्र राहिले, समोरचा पक्ष जिथं राहतो, किंवा २००३ च्या दुरुस्तीनंतर बायको जिथं राहते, यांपैकी कुठंही दावा चालू शकतो. मोठ्या शहरांत तो कौटुंबिक न्यायालयात असतो. बाकी ठिकाणी बहुधा दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्याकडं. दावा सासरच्या जिल्ह्यात झाला असेल तर माहेरच्या तालुक्यात शोधून सापडणार नाही.

दुसरा प्रश्न, केस नंबर. जुनी नोटीस, समन्स, वकिलाची पावती, पोटगीच्या केसचे कागद यांतल्या कशावर तरी तो असतोच. काहीच नसेल तर मोबाईलवर 'ई-कोर्ट्स सर्व्हिसेस' हे सरकारी ॲप आहे. त्यात जिल्हा आणि न्यायालय निवडून पक्षकाराचं नाव आणि वर्ष टाकून शोधता येतं. निकाल झालेली केस 'निकाली' प्रकारात पाहायची. नावाचं स्पेलिंग दोन-तीन प्रकारे टाकून बघा, माहेरचं आणि सासरचं दोन्ही आडनावं घालून बघा. सापडली की सोळा अंकी-अक्षरी सीएनआर नंबर लिहून ठेवा. फार जुनी केस ॲपवर नसेल तर त्या न्यायालयात जाऊन वर्ष आणि नावं सांगून रजिस्टरमध्ये शोध घ्यायचा अर्ज करावा लागतो.

ॲपवरून काढलेली प्रिंट कचेरीत चालत नाही. चालते ती न्यायालयाच्या नक्कल विभागातून मिळालेली, सही आणि शिक्का असलेली प्रत. त्यासाठी केस नंबर, दोघांची नावं, निकालाची तारीख आणि कोणत्या कागदाची नक्कल हवी ते लिहून अर्ज द्यायचा. सोबत ओळखपत्र ठेवायचं आणि पावती जपून ठेवायची. फाईल रेकॉर्ड रूममध्ये गेली असेल तर वेळ लागतो, त्यामुळं योजनेच्या शेवटच्या तारखेची वाट बघू नका.

पहिली प्रत फुकट, हे किती जणींना माहीत आहे?

हिंदू विवाह कायद्याच्या कलम २३ (४) मध्ये स्पष्ट लिहिलं आहे की घटस्फोटाचा हुकूमनामा झाला की न्यायालयानं त्याची एक प्रत दोन्ही पक्षांना विनामूल्य द्यायची. निकाल लागला की ही प्रत मागून घ्या. नंतरच्या नकलांना फी लागते, पण ती न्यायालयाच्या ठरलेल्या दरानं. 'आतून काढून देतो' म्हणणाऱ्याला हजारो रुपये मोजायचं काही कारण नाही.

आणखी एक गोष्ट. घटस्फोटाच्या कामकाजाला कायद्यानं गोपनीयता दिली आहे. कलम २२ नुसार ते बंद दालनात चालतं आणि छापायलाही मनाई आहे. पण निकालपत्रात दोघांनी एकमेकांवर केलेले आरोप असतात. अंगणवाडी सेविका बऱ्याचदा त्याच गावातली असते. म्हणून योजनेसाठी कागद देताना फक्त हुकूमनामा द्या, पूर्ण निकालपत्र नको. आणि दोन्हींचे फोटो कुठल्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका.

नकळत झालेला घटस्फोट

रेकॉर्ड शोधताना काही बायकांना वेगळंच कळतं. नवऱ्यानं परस्पर दावा टाकला, समन्स जुन्या पत्त्यावर गेलं आणि निकाल एकतर्फी लागला. समन्स नीट बजावलं गेलं नसेल तर असा हुकूमनामा रद्द करून घेण्यासाठी अर्ज करता येतो. पण त्याला मुदत आहे, निकाल कळल्यापासून ३० दिवस. म्हणून नक्कल हातात आली की ठेवून देऊ नका, लगेच वकिलाकडं जा.

घटस्फोट मान्य असला तरी नक्कल उपयोगाची आहे. कलम २५ नुसार कायमच्या पोटगीची मागणी निकालानंतरही करता येते, बाईनं दुसरं लग्न केलेलं नसेल तर.

वकिलाचे पैसे कुठून आणायचे? विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार कुठल्याही बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. तालुक्याच्या न्यायालयातच तालुका विधी सेवा समिती असते. १५१०० ही तिची राष्ट्रीय हेल्पलाईन आहे.

ज्यांचा कागद कुठंच नाही

हे सगळं जमलं तरी एक मोठा गट बाहेरच राहतो. हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही. त्यांची लग्नं आणि काडीमोड समाजाच्या रीतीनं होतात. मग आदिवासी पाड्यावरच्या बाईनं न्यायालयाचा आदेश आणायचा कुठून? दुसऱ्या आहेत परित्यक्ता. नवरा सोडून गेला, दुसरा संसार थाटला, पण केस कुणीच केली नाही. लाडकी बहीण योजनेच्या पात्रतेत परित्यक्ता हा शब्द आहे. योजना लिहिताना सरकारला ही बाई दिसली, पण घटस्फोटितेकडून मागायच्या कागदांत तिच्याजवळ असेल असा एकही कागद नाही.

दीड हजार रुपये शहरात किरकोळ वाटतील. माहेरी भावाच्या दारात राहणाऱ्या बाईला ते महिन्याचं तेल-मीठ आणि पोराची वही-पेन्सिल आहेत. खरा लाभार्थी तपासायला हवा, यात वाद नाही. पण पुरावा गोळा करायचं सगळं ओझं सर्वांत एकट्या बाईवर टाकून चालणार नाही.

यासाठी नवा कायदा लागत नाही. निकालाच्या वेळीच फुकट प्रत बाईच्या हातात पडेल, हे न्यायालयांनी पाहावं. विधी सेवा समितीनं महिन्यातून एक दिवस तहसीलमध्ये बसून केस नंबर शोधून द्यावेत आणि नकलेचे अर्ज भरून घ्यावेत. परित्यक्ता आणि आदिवासी बायकांसाठी प्रत्यक्ष चौकशी करून ग्रामस्तरावर पंचनामा व्हावा आणि तो ग्राह्य धरावा. ग्रामसभेत हा विषय मांडायला कुणाची परवानगी लागत नाही. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत तो यावा, असा अर्ज आजच देता येईल.