स्कोअरच्या स्क्रीनशॉटवर सौदा करू नका

"सर, आकडा खोटं बोलत नाही." हे वाक्य हल्ली मला वारंवार ऐकायला मिळतं. पूर्वी ते दहावीच्या निकालापुरतं होतं, आता ग्राफिक्स कार्डापर्यंत आलंय. कार्ड ओव्हरक्लॉक केलं, बेंचमार्क चालवला, स्कोअर आला, त्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला, की पोरांच्या लेखी वाद मिटला. माझं म्हणणं असं की वाद तिथे मिटत नाही. तो तिथून सुरू व्हायला हवा.

उर्दू-मराठी शिकवणाऱ्या माणसाने यात का पडावं, असा प्रश्न काहींना पडेल. एक कारण पैशाचं आहे. आमच्या शाळेतून बाहेर पडलेली कित्येक मुलं आज लग्नाचे व्हिडिओ एडिट करतात, थ्रीडी डिझाइन करतात. त्यांच्यासाठी कार्ड हे खेळणं नाही, रोजीचं साधन आहे. घरातली बचत किंवा हप्ते यांतून ते येतं. दुसरं कारण माझ्या पेशाचं. बेंचमार्कचा निकाल हे शेवटी एक विधान असतं आणि विधान नीट वाचायला शिकवणं हेच माझं काम आहे.

"ओव्हरक्लॉक केल्यावर कार्ड १५ टक्के वेगवान झालं." हे वाक्य घ्या. व्याकरणाच्या दृष्टीने ते पूर्ण आहे, अर्थाच्या दृष्टीने अपुरं. कशापेक्षा वेगवान? कोणत्या कामात? किती मिनिटं? चित्र तेवढंच चांगलं दिसत होतं का? या प्रश्नांची उत्तरं नसतील तर ते विधान नाही, जाहिरात आहे.

हा माझा वहम नाही. या धंद्यातला सर्वात गाजलेला किस्सा २००३ सालचा आहे आणि तो प्रत्येक हौशी पोराला ठाऊक असायला हवा. फिनलंडच्या फ्यूचरमार्क कंपनीचा थ्रीडीमार्क०३ हा त्या काळचा प्रमुख बेंचमार्क. त्यात कॅमेरा ठरलेल्या वाटेनेच फिरायचा. एक्स्ट्रीमटेक आणि बियॉन्डथ्रीडी या संकेतस्थळांच्या लक्षात आलं की कॅमेरा त्या वाटेवरून जरा बाजूला नेला की एनव्हिडियाच्या कार्डावर चित्र फाटतं, आकाशाचा विचका होतो. ड्रायव्हरला वाट आधीच माहीत होती. त्यामुळे जे दिसणार नाही ते काढायचंच नाही, असा हिशेब त्याने करून ठेवला होता. प्रश्नपत्रिका आधीच हातात आलेल्या विद्यार्थ्याने बाकीचं पुस्तक उघडूच नये, तसं.

फ्यूचरमार्कने मे महिन्यात तपासणी अहवाल काढला. जीफोर्स एफएक्स ५९०० अल्ट्रा या कार्डाला आधी ५८०६ गुण मिळत होते. ड्रायव्हरला परीक्षा ओळखता येऊ नये अशी दुरुस्ती केल्यावर ते ४६७९ वर आले. प्रतिस्पर्धी एटीआयच्या ड्रायव्हरमध्येही एका चाचणीपुरती खास सोय सापडली. एकूण गुणांत तिचा फरक जेमतेम दोन टक्क्यांचा होता, पण होता.

आता गंमत बघा. अहवालात ही घट २४.१ टक्के अशी नोंदवली गेली. पाचवी-सहावीतल्या मुलाला गणित करायला सांगा. ५८०६ मधून ११२७ गेले तर घट १९.४ टक्के होते. २४.१ हा आकडा येतो तो ४६७९ हा पाया धरल्यावर, म्हणजे वाढ मोजताना. चोरी पकडणाऱ्यानेच टक्केवारीचा पाया बदलला आणि हा आकडा तसाच जगभर फिरला. "आकडा खोटं बोलत नाही" म्हणणाऱ्यांनी या एका ओळीवर विचार करावा. दोन्ही आकडे बरोबर आहेत. प्रश्न एवढाच की ते कोणत्या वाक्यात बसवलेत.

माझ्या दृष्टीने खरी गोष्ट पुढे घडली. अहवालात फ्यूचरमार्कने साफ 'चीटिंग' हा शब्द वापरला होता. जूनच्या सुरुवातीला दोन्ही कंपन्यांनी संयुक्त निवेदन काढलं आणि त्यात तोच प्रकार 'अ‍ॅप्लिकेशन स्पेसिफिक ऑप्टिमायझेशन' झाला. म्हणजे एका विशिष्ट सॉफ्टवेअरपुरती केलेली सुधारणा. कोड तोच, करणारे तेच, फक्त नाम बदललं. मी आयुष्यभर मुलांना समानार्थी शब्द शिकवत आलोय. कॉपीला 'निवडक अभ्यास' म्हणणं हा समानार्थी शब्द नाही, ती गुन्ह्यावर घातलेली चादर आहे.

इथे एक न्यायाची बाब सांगायला हवी. एखाद्या गेमसाठी ड्रायव्हरमध्ये खास सुधारणा करणं वाईट नाही. चित्र जसंच्या तसं राहिलं आणि खेळणाऱ्याला वेग मिळाला तर त्याचा फायदाच आहे. वाईट ते, जे फक्त परीक्षेत चालतं आणि परीक्षेबाहेर कुणाच्याच उपयोगाचं नसतं. फरक एवढा सोपा आहे.

"सर, हे वीस वर्षांपूर्वीचं झालं." झालं खरं. मग जानेवारी २०२५ घ्या. एनव्हिडियाने नवं आरटीएक्स ५०७० जाहीर करताना सांगितलं की ५४९ डॉलरमध्ये आरटीएक्स ४०९० ची कामगिरी मिळेल. ती बरोबरी उभी होती फ्रेम जनरेशनवर. कार्ड एक चित्र खरोखर काढतं आणि पुढची तीनपर्यंत चित्रं एआयच्या अंदाजाने मधे भरतं. ती सोय नसलेल्या कामात दोन्ही कार्डांत मोठं अंतर आहे. मेमरीच पाहा, एकाची १२ जीबी, दुसऱ्याची २४. व्हिडिओ रेंडर करणाऱ्या मुलाला अंदाजाच्या फ्रेमचा काय उपयोग? त्याच्या टाइमलाइनवर त्या मोजल्याच जात नाहीत. पण आमच्या ग्रुपवर जे फिरलं ते एवढंच: "५०७० म्हणजे ४०९०."

आता घरच्या ओव्हरक्लॉकिंगकडे येऊ. कंपनीने ठरवलेल्या गतीपेक्षा चिप आणि मेमरी जास्त गतीने चालवायची, एवढंच ते आहे. एमएसआय आफ्टरबर्नरसारखं फुकट सॉफ्टवेअर घ्यायचं आणि पट्टी सरकवायची. करायला सोपं, समजायला अवघड. तीन ठिकाणी आकडा आपल्याला हमखास गंडवतो.

पहिलं, उष्णता. २०१२ च्या जीटीएक्स ६८० पासून एनव्हिडियाची कार्डं वीज आणि तापमान पाहून आपली गती स्वतःच वरखाली करतात. थंड कार्डावरची पहिली फेरी म्हणूनच छान येते. अर्ध्या तासाने गती उतरते, पण स्क्रीनशॉट पहिल्या फेरीचा असतो. व्हिडिओ बनवणारा एसीत बसलेला, आणि आमचा पोरगा मे महिन्यात मालेगावच्या पत्र्याखाली. खोलीचं तापमान पंधरा अंशांनी वाढलं तर कार्डही जवळपास तेवढंच जास्त तापणार. शिवाय विजेचा खर्च गतीच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दोन्ही दहा-दहा टक्के वाढवले तर चिपचा वीजखप साधारण ३३ टक्के वाढतो. मिळतो तो फार तर दहा टक्के वेग.

दुसरं, मेमरी. लोकांना वाटतं की मर्यादा ओलांडली की कॉम्प्युटर बंद पडेल, म्हणजे कळेलच. आजच्या बऱ्याच कार्डांत तसं होत नाही. मेमरीच्या वाटेवर चूक झाली तर कार्ड ती पकडतं आणि तोच डेटा पुन्हा पाठवतं. स्क्रीनवर गतीचा आकडा वाढलेला दिसतो, काम मात्र हळू होतं. ज्याने प्रत्येक पायरीला मोजलं नाही, तो तोट्यालाच विक्रम समजून मिरवतो.

तिसरं, सरासरी. समजा शंभर फ्रेमपैकी ९९ फ्रेम १० मिलिसेकंदांत आल्या आणि एक २०० मिलिसेकंदांत. सरासरी निघते सेकंदाला ८४ फ्रेम. दुसऱ्या कार्डावर प्रत्येक फ्रेम बरोबर १२.५ मिलिसेकंदांत आली, सरासरी ८०. कागदावर पहिलं जिंकलं. खेळताना मात्र पहिल्यावर दणदणीत झटका बसेल आणि दुसरं पाण्यासारखं वाहील. टेक रिपोर्टच्या स्कॉट वॉसन यांनी २०११ मध्ये हाच मुद्दा लावून धरला, तेव्हा कुठे फ्रेमचा वेळ मोजण्याची शिस्त रुजू लागली. आज '१ टक्का लो' हा आकडा दिला जातो तो यासाठीच. तो जिथे नसेल तिथे सरासरीवर विश्वास ठेवू नका.

यावर दोन आक्षेप येतात. एक म्हणजे, हा छंद आहे, पोरांना करू द्या. जरूर करू द्या. पट्टी सरकवून, मोजून, चूक शोधून मुलगा जे शिकतो ते कुठल्याच क्लासमध्ये मिळत नाही. माझा राग छंदावर नाही. त्या छंदाचा आकडा दाखवून जो गल्ला भरतो त्याच्यावर आहे. डब्यावर 'ओसी' लिहिलंय म्हणून जास्त पैसे मागितले जातात, तेव्हा वाढ किती ते कुणी सांगत नाही. आरटीएक्स ४०६० ची मूळ बूस्ट गती २४६० मेगाहर्ट्झ आहे. 'ओसी'त समजा २५०५ दिली, तर वाढ १.८ टक्के झाली. तोच बेंचमार्क त्याच कार्डावर दोनदा चालवला तरी कधी कधी एवढा फरक पडतो. या अक्षरांसाठी कुणाच्या अब्बांनी दोन हजार का मोजावेत? जुन्या कार्डाच्या बाजारात तर याहून वाईट. महिनोन्‌महिने ताणलेलं कार्ड एका सुंदर स्कोअरच्या जोरावर गळ्यात मारलं जातं.

दुसरा आक्षेप: मग बेंचमार्क बंदच करायचे का? परीक्षेत कॉपी होते म्हणून आपण शाळा बंद करत नाही. पर्यवेक्षक नेमतो, प्रश्नपत्रिका बदलतो, तोंडी विचारतो. आकड्याशीही तसंच वागायला हवं.

म्हणून खरेदीआधी समोरच्याला हे विचारा. आधीचा आणि नंतरचा, दोन्ही आकडे दाखवा. किमान तीन फेऱ्या झाल्या का? सर्वात कमी आकडा कोणता? शेवटच्या फेरीत तापमान किती होतं? थ्रीडीमार्कच्या स्ट्रेस टेस्टमध्ये तेच दृश्य २० वेळा सलग चालतं आणि सर्वात हळू फेरी सर्वात वेगवान फेरीच्या ९७ टक्क्यांखाली गेली तर कार्ड नापास होतं. ती चाचणी माझ्यासमोर चालवाल का? फ्रेम खऱ्या की अंदाजाने भरलेल्या? आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं: मी जे काम करणार आहे ते या कार्डावर चालवून दाखवाल का?

प्रामाणिक दुकानदार यातल्या निम्म्याहून अधिक प्रश्नांची उत्तरं हसत देईल आणि उरलेल्यांसाठी मशीन चालू करेल. ज्याला हे प्रश्न म्हणजे अपमान वाटतो, त्याच्या दुकानातून सलाम करून बाहेर पडा. टक्केवारी ऐकली की "कशाची?" असं विचारायची सवय मुलांना कार्ड घेताना लागली, तर पुढे कर्जाच्या कागदावर सही करताना आणि पुढाऱ्याचं भाषण ऐकतानाही ती कामी येईल.