दोन डोळ्यांची खरेदी

जुन्या बाजारात पत्नीला बरोबर नेऊ नये, असे आमच्या स्टाफरूममधल्या एका गृहस्थांचे ठाम मत आहे. तिथे घासाघीस करायची ती दुकानदाराशी, घरच्या माणसाशी नव्हे, असे ते म्हणतात. माझा अनुभव उलट आहे. गेल्या फाल्गुनात मी पुण्याच्या जुन्या बाजारातून एक स्टिरिओस्कोप आणला, आणि त्याबरोबरची चित्रे अस्सल निघाली, ती केवळ सौभाग्यवतींमुळे.

हिंगोलीहून रात्रीच्या बसने आम्ही पुण्याला गेलो होतो ते एका मुंजीसाठी. रविवार होता, मंगळवार पेठेच्या बाजूला बाजार भरलेला. अमेरिकेत या छंदाच्या लोकांची १९७४ साली स्थापन झालेली संस्था आहे. तिचे दरवर्षी अधिवेशन भरते आणि तिथे जुने कॅमेरे, जुनी चित्रे टेबलांवर मांडून विकली जातात. आपले अधिवेशन पोत्यावर भरते. नळाच्या तोट्या, बंद पडलेली घड्याळे, कुणाच्या तरी आजोबांची तसबीर, आणि त्यांच्या शेजारी ही लाकडी वस्तू.

स्टिरिओ म्हटले की लोकांना गाण्याची पेटी आठवते. ही पेटी डोळ्यांची. नाकासमोर अंगठा धरा. एकदा उजवा डोळा मिटा, एकदा डावा. अंगठा जागचा उडी मारतो! दोन डोळ्यांत अंतर असते अडीच इंच, म्हणून प्रत्येकाला जग थोडे निराळे दिसते, आणि त्या दोन साक्षींवरून मेंदू जवळ-लांब ठरवतो. व्हीटस्टन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३८ साली हे आरसे आणि रेघांची चित्रे घेऊन सिद्ध केले. छायाचित्रणाची कला तेव्हा जगापुढे यायची होती. पुढे ब्रूस्टरने आरशांऐवजी भिंगे बसवली. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात ती पेटी राणी व्हिक्टोरियाला आवडली, आणि मग काय विचारता, घरोघरी ती हवीशी झाली. आमच्या हाती आला तो नमुना मात्र ऑलिव्हर वेंडेल होम्सचा, १८६१ चा. हे होम्स पेशाने डॉक्टर आणि लेखणीने निबंधकार, म्हणजे माझ्यासारख्या मराठीच्या मास्तराला जवळचेच. त्यांनी या युक्तीचे पेटंट घेतले नाही. ज्याला जमेल त्याने ती बनवली, आणि म्हणूनच ती अजून पोत्यावर सापडते.

दुकानदाराने साडेतीन हजार सांगितले, वर बारा चित्रे फुकट. मी भिंगांना बुरशी आहे का, मधला पडदा शाबूत आहे का, चित्र धरणारी तार दांड्यावर पुढेमागे सरकते का, हे पाहण्यात गुंग होतो. एवढ्यात सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, या पुठ्ठ्यावरची दोन्ही चित्रं अगदी एकच आहेत की!"

"एकच असतात, ताई," दुकानदार हसून म्हणाला.

एकच नसतात, हीच तर गंमत. पुढे खांब आणि मागे देऊळ असेल, तर डाव्या चित्रात खांब देवळाच्या मानाने किंचित उजवीकडे असायला हवा आणि उजव्या चित्रात डावीकडे. इथे तो दोन्हीकडे रेसभर हललेला नव्हता. कुणीतरी एकच छायाचित्र दोनदा छापून, पुठ्ठ्याला चहाचे पाणी पाजून म्हातारे केले होते. बारांपैकी नऊ पुठ्ठे असे निघाले. उरलेले तीन अस्सल. आणखी दोन अस्सल चित्रे मात्र मधोमध कापून 'जुने फोटो' म्हणून निराळी विकायला ठेवलेली. कापणाऱ्याला एकाच्या दोन वस्तू मिळाल्या आणि चित्र कायमचे आंधळे झाले. खोटा पुठ्ठा मी समजू शकतो, तो पोटासाठी असतो. ही कात्री मला समजत नाही.

बावीसशेवर सौदा तुटला. तीनांतले एक चित्र काशीच्या घाटाचे होते. जेम्स रिकल्टन हा मूळचा शाळामास्तर हिंदुस्थानभर कॅमेरा घेऊन हिंडला, आणि अमेरिकेच्या अंडरवुड कंपनीने या देशाची शंभर जोडचित्रे विकली. आमचे चित्र त्याचेच असे मी छातीवर हात ठेवून म्हणणार नाही; पण ते त्याच काळातले वाटते.

आईला काशीला जायचे होते. गुडघ्यांनी ते रद्द केले. चैत्रात मी तिच्या हाती स्टिरिओस्कोप दिला, तर ती म्हणाली, "चित्र चांगलं हाय रे, पण त्याला ही दुर्बीण कशाला?" तिच्या एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते, दुसरा राहिला होता, आणि या यंत्रापुढे एका डोळ्याची साक्ष चालत नाही. दुसऱ्या डोळ्याचे ऑपरेशन करायला ती दोन वर्षे नाही म्हणत होती. 'एका डोळ्यानं दिसतंय तेवढं पुरे' हा तिचा मुद्दा, आणि पायरी चुकून ती दोनदा पडली तरी तो कायम. त्या दिवशी ती काही बोलली नाही. वैशाखात आपणहून म्हणाली, तारीख घे.

श्रावणात तिने पुन्हा काशी पाहिली. बराच वेळ पाहिली. मग मान एका बाजूला कलती करून विचारले, "ह्या छत्रीच्या मागं कोण बसलंय?"

यंत्र सापडले नाही म्हणून वाचकांनी हिरमुसायचे कारण नाही. जोडचित्र मोबाइलनेही काढता येते. वस्तू स्थिर हवी. एक चित्र डाव्या पायावर भार देऊन काढायचे. मग मोबाइल न फिरवता, न तिरपा करता भार उजव्या पायावर घ्यायचा आणि दुसरे काढायचे. दोन चित्रे शेजारीशेजारी लावायची, डावे डावीकडे. उलट लावली तर पुढचे मागे जाते आणि मागचे पुढे येते. आमच्याकडच्या औंढा नागनाथाला हे नवे नाही. नामदेवांच्या कीर्तनासाठी देऊळ फिरले आणि नंदी मागच्या बाजूला राहिला, ही कथा तिथे पोराटोरांना ठाऊक असते.

भाद्रपदात वर्गातली चार मुले देवळाच्या बाहेरच्या भिंतीवरील शिल्पांची अशी वीस जोडचित्रे काढून घेऊन आली. चाळीस फोटो छापायला त्यांनी एका स्टुडिओत दिले. दुसऱ्या दिवशी पाकीट उघडले, तर आत वीसच फोटो. स्टुडिओवाल्याने मोठ्या आपुलकीने सांगितले, "प्रत्येक फोटो दोनदा आला होता, सर. पोरांचे पैसे वाचवले."