रंगशाळेंतील शेवटचें पाणी

नवें रंगीत वस्त्र पहिल्या धुण्यांत इतर कपड्यांपासून वेगळें भिजवावें, हा आपल्या घरांतील जुना दंडक आहे. तो मोडला कीं काय होतें, हें ज्यांचें शुभ्र धोतर किंवा पंचा एकदां गुलाबी होऊन दोरीवर आला असेल त्यांस निराळें सांगावयास नको. अशा वेळीं आपण दुकानदारास बोल लावतों, कापडास बोल लावतों, क्वचित् धुणाऱ्या बाईसहि लावतों. परंतु हा दोष जेथें बहुधा जन्मास येतो ती रंगशाळा आपण कधीं पाहिलेली नसते. तेथील यंत्र कसें उभारतात व कसें चालवितात, याचा विचार या सदरांत या महिन्यांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे. ज्या घरांतील एखादा उद्योगी तरुण असा कारखाना काढण्याच्या विचारांत असेल, त्या घरांतील वडीलधाऱ्यांनीं तर हें अवश्य वाचावें. कारण भांडवलाचा प्रश्न अखेर त्यांच्यापुढेंच येतो.

सुती कापड रंगविण्याचीं यंत्रें अनेक प्रकारचीं आहेत. त्यांपैकीं लहान धंद्यास झेपणारें व समजण्यास सोपें यंत्र म्हणजे जिगर. खालीं न गंजणाऱ्या पोलादाचें, तळाशीं निमुळतें होत गेलेलें एक लांबट कुंड. त्यावर समोरासमोर दोन मोठे रूळ. आणि कुंडाच्या तळाजवळ कापडास वाट दाखविणारे लहान रूळ. एवढाच त्याचा सांगाडा. कापड पूर्ण पन्ह्यानें एका रुळावर गुंडाळलेलें असतें. तें उलगडत खालीं रंगाच्या पाण्यांत बुडतें, वर येऊन दुसऱ्या रुळावर गुंडाळलें जातें, आणि सर्व कापड संपलें म्हणजे यंत्र उलट फिरून तोच प्रवास परत सुरू होतो. अशा प्रत्येक प्रवासास आपण एक फेरा म्हणूं. कापड पाण्यांत क्षणभरच असतें. रंग मुरण्याचें बरेचसें काम रुळावर ओलें गुंडाळलेलें असतांनाच चालतें. म्हणूनच जिगरास पाणी थोडें पुरतें: एक किलो कापडास तीन ते पांच लिटर.

यंत्र उभारतांना पहिली काळजी पायाची. पाणसळ लावून दोन्ही रूळ सपाट व एकमेकांस समांतर आहेत अशी खात्री करून घ्यावी. केसभर तिरकेपणा राहिला तरी कापड एका बाजूस सरकूं लागतें व त्यास सुरकुत्या पडतात. सुरकुतीच्या जागीं रंग कमीजास्त बसला म्हणजे ती रेघ पुढें कोणत्याहि इस्त्रीनें जात नाहीं. दुसरी काळजी वाफेची. भोकें पाडलेल्या नळीनें वाफ सरळ कुंडांत सोडली तर पाणी झटपट तापतें खरें, परंतु ती वाफ निवून तिचें पाणी होतें आणि रंगाचें द्रावण पातळ होत जातें. रंग चालू असतांना बंद वेटोळ्यांतून दिलेली वाफ बरी. वरती झांकण असावें, नाहीं तर गुंडाळीच्या कडा निवतात आणि कांठ एका छटेचे व मध्य दुसऱ्या छटेचा, असें कापड हातीं येतें.

तिसरी, आणि आमच्या मतें सर्वांत मोठी काळजी पाण्याची. ज्या विहिरीच्या पाण्यांत डाळ शिजत नाहीं व साबणास फेंस येत नाहीं, तें पाणी जड असतें. त्यांत चुन्याचे व मॅग्नेशियमचे क्षार असतात. असे क्षार रंगाच्या कणांस धरून त्यांचा साका बनवितात व कापडावर डाग पडतात. म्हणून पाणी मृदु करण्याचें यंत्र जिगराच्याहि आधीं बसवावें लागतें.

आतां प्रत्यक्ष कामाकडे वळूं. मागावरून आलेल्या कोऱ्या कापडांत खळ असते, कापसाचें नैसर्गिक मेण असतें. खळ काढून, कॉस्टिक सोड्यांत उकळून व हायड्रोजन पेरॉक्साइडनें शुभ्र करून तें तयार करावें लागतें. तयारी नीट झाली कीं नाहीं याची कसोटी अगदीं साधी आहे: कापडावर पाण्याचा एक थेंब टाकावा, तो तत्काळ शोषला गेला पाहिजे. थेंब मोत्यासारखा वर बसून राहिला तर रंगहि तसाच बाहेर बसून राहील. पेरॉक्साइडचा अंशहि मागें ठेवूं नये, कारण तो पुढें येणाऱ्या रंगाचाच नाश करतो.

सुतासाठीं आज सर्वत्र वापरले जाणारे रंग रिअॅक्टिव्ह म्हणजे सुताशीं रासायनिक संयोग पावणारे असतात. विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या इंग्रज मुलानें पहिला कृत्रिम जांभळा रंग शोधिला तें साल १८५६. आणि रॅटी व स्टीफन या दोघा रसायनज्ञांनीं सिद्ध केलेले हे रंग बाजारांत आले तें साल १९५६. बरोबर शंभर वर्षांचें अंतर! त्यापूर्वींचे स्वस्त रंग सुतास नुसते चिकटून राहत व धुण्यागणिक सुटत. या रंगाच्या कणास जणूं एक हात असतो; त्या हातानें तो सुतास कायमचा धरतो. परंतु अडचण अशी कीं, तोच हात पाण्यासहि धरूं शकतो. ज्या कणानें एकदां पाण्याचा हात धरला तो सुतास कायमचा मुकला. तो कापडावर नुसता रेंगाळत राहतो.

एक हिशेब मांडून पाहूं. हजार मीटर कापड, वजन दीडशें किलो, आणि छटा शेंकडा दोनची; म्हणजे रंग लागला तीन किलो. किलोस चार लिटर याप्रमाणें पाणी सहाशें लिटर. लिटरमागें पन्नास ग्रॅम मीठ धरलें तर तीस किलो मीठ, आणि पंधरा ग्रॅम धुण्याचा सोडा धरला तर नऊ किलो सोडा. रंगाच्या दसपट मीठ कशाला, असें कोणीहि विचारील. पाण्यांत सूत व रंग या दोहोंवर एकाच जातीचा विद्युद्भार असल्यामुळें तीं एकमेकांस दूर लोटतात. मीठ हा दुरावा मोडतें व रंगास सुताजवळ आणून बसवितें. सोडा मात्र मागाहून, रंग आंत मुरल्यावरच घालावयाचा. कारण सोडा पडतांच संयोग सुरू होतो. तो घाईनें आधीं घातला तर रंग वरच्यावर धरतो, डागाळतो, आणि पुष्कळसा पाण्याच्या पदरीं जातो. ‘पी हळद आणि हो गोरी’ हा न्याय येथें चालत नाहीं. रंगहि एकदम ओतीत नाहींत. अर्धा पहिल्या फेऱ्यास व अर्धा दुसऱ्या फेऱ्यास घालतात, म्हणजे ताग्याचें एक टोंक गडद व दुसरें फिकें होत नाहीं. रंगाच्या जातीप्रमाणें उष्णमान चाळीस, साठ किंवा ऐंशीं अंश ठेवावें लागतें, आणि एकदां ठरविलेलें तें शेवटपर्यंत ढळूं द्यावयाचें नाहीं.

मिनिटास पन्नास मीटर या गतीनें आमच्या या कापडाचा एक फेरा वीस मिनिटांचा होतो. रंग, मीठ व सोडा मिळून बारा फेरे धरले तर चार तास गेले. कापड आतां डोळ्यांस सुंदर दिसूं लागतें, आणि नवशिका कारखानदार समजतो कीं काम झालें. वास्तविक तें अर्धेंच झालेलें असतें. घातलेल्या रंगापैकीं पांचवा ते तिसरा हिस्सा सुतास धरलेला नसतो. तो काढण्यासाठीं एक थंड पाणी, मग सोडा मारण्यासाठीं किंचित् ॲसेटिक आम्लाचें पाणी, मग ऊन पाणी, मग साबणद्रव्य घालून जवळजवळ उकळतें पाणी, पुनः ऊन, पुनः थंड. अशीं सहा पाणीं द्यावीं लागतात. प्रत्येकास दोन फेरे म्हटले तरी आणखी चार तास! जितका वेळ रंगविण्यास, तितकाच धुण्यास. आणि पाणी तर सहापट.

सारा मोह येथेंच उत्पन्न होतो. हीं शेवटचीं पाणीं निम्मीं केलीं तर वाफ वांचते, वीज वांचते, दिवसांत आणखी एक घाणी निघते. आणि दुकानांतल्या फळीवर दोन्ही कापडें सारखींच झळकतात. फरक कळतो तो आपल्या घरच्या बादलींत.

परंतु प्रामाणिकपणें धुतलें म्हणजे सर्व पार पडलें असेंहि नाहीं. वरील हिशेबांतील बेचाळीसशें लिटर पाणी अखेर कोठें तरी जाणारच. आणि त्याबरोबर न धरलेला रंग व तें तीसहि किलो मीठ जाणार. रंग गाळतां येतो, निवळतां येतो. मीठ साध्या निवळणीनें जात नाहीं. तमिळनाडूंतील तिरुपूर येथें या पाण्यानें नोय्यल नदी इतकी बिघडली कीं, खालच्या शेतकऱ्यांनीं न्यायालय गांठलें, आणि २०११ च्या जानेवारींत मद्रास उच्च न्यायालयानें तेथील शेंकडों रंगशाळा बंद करविल्या. पुढें पाणी सूक्ष्म पडद्यांतून गाळून व उरलेलें आटवून नदींत थेंबहि न सोडण्याची व्यवस्था करणें त्यांस भाग पडलें. आपल्याकडेहि हा प्रश्न परका नाहीं. इचलकरंजींत १९०४ सालीं पहिला यंत्रमाग चालूं लागला व त्यावर सारें गांव पोसलें. आणि आज पंचगंगेच्या पाण्याविषयीं जी तक्रार आहे तींत शहरांच्या मैलापाण्याबरोबर कापडाच्या प्रक्रियेंतील सांडपाण्याचाहि वाटा आहे. ज्या नदीनें गांवास वैभव दिलें तिच्याच कांठच्या घरांनीं पिण्याचें पाणी दुरून आणण्याचा विचार करावा, हें कोणासहि भूषणावह नाहीं.

यावरून आमचें म्हणणें एवढेंच कीं, पक्क्या रंगाची खरी किंमत रंगाच्या डब्यावर नसते. ती धुण्यांत आणि धुतलेलें पाणी शुद्ध करण्यांत असते. जो रंगारी बाजारभावापेक्षां फारच स्वस्तांत काम करून देतो, त्यानें या दोहोंपैकीं एक तरी गाळलें असल्याचा संशय धरावा: एकांत गिऱ्हाइकाचें नुकसान, दुसऱ्यांत नदीचें.

गृहिणींनीं खरेदीच्या वेळीं पांढरा रुमाल ओला करून कापडाच्या आंतल्या बाजूस जरा जोरानें घांसून पाहावा; गडद रंगाचा किंचित् डाग क्षम्य, परंतु रुमाल रंगूनच निघाला तर तें कापड परत करावें. चार घरांनीं असें परत केलें कीं दुकानदार तोच प्रश्न रंगाऱ्यास विचारूं लागेल.

आणि ज्या वडिलांपुढें मुलगा किंवा पुतण्या कारखान्याचा कागद घेऊन येईल, त्यांनीं यंत्राची किंमत सर्वांत शेवटीं विचारावी. आधीं विचारावें: पाणी कोठून आणणार, किती जड आहे, आणि वापरून झाल्यावर कोठें सोडणार? सामायिक शुद्धीकरण केंद्र जवळ आहे काय, व त्याची वर्गणी दरकिलो कापडावर किती पडते? १९७४ च्या पाणी कायद्याप्रमाणें प्रदूषण नियंत्रण मंडळाची एक संमति कारखाना उभारण्यापूर्वीं व दुसरी तो चालविण्यापूर्वीं घ्यावी लागते. त्या दोन्हींची तजवीज केली आहे काय? या प्रश्नांचीं उत्तरें आंकड्यांनिशीं आलीं तर मुलाच्या पाठीवर हात ठेवून भांडवल द्यावें. उत्तरें ‘पुढें पाहतां येईल’ अशीं आलीं, तर त्यास वर्षभर एखाद्या चांगल्या रंगशाळेंत, तेंहि धुण्याच्याच खात्यांत, उमेदवारी करण्यास पाठवावें. तेथून तो परतेल तेव्हां त्याचा कागद निराळा असेल.